मामा नसलेल्या पोराचं जावळ

चंद्रपूरचा उन्हाळा मोजायला यंत्र लागतं. कमळाबाईचा राग मोजायला काही लागत नाही. शहरातल्या मूल रोडवरच्या शिशुगृहाच्या फाटकाशी घडीभर उभं राहिलं की कळतं. आतून भांडी आदळल्याचा आवाज येत असेल तर बाईची तब्येत उत्तम आहे. आवाज येत नसेल तर ती खरोखर चिडली आहे, आणि अशा वेळी दूधवाला कॅन फाटकाबाहेर ठेवतो, घंटी वाजवतो आणि सायकलवर टांग मारून पसार होतो.

तिला राग कशाचा येतो हे विचारण्यापेक्षा कशाचा येत नाही हे विचारावं. थर्मामीटरचा येतो, कारण तो पोटाला न विचारता काखेला विचारतो. पावडरच्या दुधाचा येतो. फुटकी खेळणी देणगी म्हणून आणणाऱ्या, पोरांबरोबर फोटो काढणाऱ्या आणि जाताना "हात कुठे धुवायचे?" असं विचारणाऱ्या पाहुण्यांचा तर विशेष येतो. त्यांना ती गच्चीवरच्या टाकीचा नळ दाखवते. मे महिन्यात त्या नळाखाली हात धरून बघावा.

पोरांवरही ती रागावते. पण तिच्या तोंडाचं आणि हातांचं आपसात कधी पटलेलं नाही. तोंडाचा पट्टा सुटलेला असतो तेव्हा हात कुणाची तरी पाठ थोपटत असतात, कुणाचं तरी नाक पुसत असतात.

माहेर तिचं वडशाजवळच्या धानाच्या गावातलं, सासर वडशातलंच. नवरा मुखरू राईस मिलमध्ये कामाला होता. मुखरू इतका भला माणूस की त्याला राग म्हणून येतच नसे, त्यामुळे दोघांच्या वाटचा राग तिलाच करावा लागे. मूल झालं नाही. सासूने त्यावरून आयुष्यभर ऐकवलं, मुखरूने आयुष्यभर ऐकून घेतलं, आणि एका पावसाळ्यात काविळीने तो गेला. कमळाबाई चंद्रपूरला बहिणीकडे आली, बहिणीशी भांडली, आणि शिशुगृहात पोरं सांभाळायला लागली. त्याला आता बरीच वर्षं झाली. सोडून दिलेली, सापडलेली पोरं इथे येतात, तिच्या हाताखालून जातात आणि कुणाच्या तरी घरी दत्तक जातात. जाताना ती प्रत्येक आईला दम भरते. आया घाबरतात आणि पुढे वर्षानुवर्षं दिवाळीला फोन करतात.

इसरू सापडला कोरपन्याच्या बसस्टँडवर. कापूस वेचणीचे दिवस होते. सिमेंटच्या बाकड्याखाली एका जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, ओल्या नाळेचा. पोलिसांनी आणून दिला. नावं ठेवायचं काम अधीक्षक साधना मॅडमचं. पण त्या महिन्यात पोरं फार आली होती आणि मॅडमची नावं संपली होती. कमळाबाईने आपल्या आजोबाचं नाव सुचवलं. सुचवलं म्हणजे पाळण्यावर खडूने लिहूनच टाकलं.

इसरूचा डावा कान म्हणजे कान नव्हताच. मोहाचं कोवळं पान मुठीत चुरगळून डोक्याला चिकटवावं, तशी एक मुडपलेली घडी होती. त्या बाजूने त्याला ऐकू येत नसे. उजव्या बाजूने मात्र स्वयंपाकघरात गुळाच्या डब्याचं झाकण निघालेलं अंगणात ऐकू येई.

मूल सापडलं की ते लगेच कुणाला देता येत नाही. बाल कल्याण समिती आधी पेपरात फोटो छापते, आईबापांनी पुढे यावं म्हणून वाट पाहते, आणि कोणीच आलं नाही की मूल दत्तकासाठी मोकळं झालं असा आदेश काढते. इसरूचा फोटो छापून आला तेव्हा कमळाबाईने तो पेपर मॅडमच्या टेबलावर आपटला.

"जिनं टाकलं तिले पेपर वाचाले फुरसत असती, तं तिनं टाकलं असतं का जी?"

"नियम आहे, कमळाबाई."

"नियमाले काय, लेकरू होते का नियमाले?"

बाकीची पोरं वर्ष-दीड वर्षात जात. इसरू राहिला. आणि त्याचे केस वाढत राहिले, कारण कमळाबाईचाही एक नियम होता आणि तो समितीपेक्षा कडक होता. पोराचं जावळ, म्हणजे जन्माचे केस, मामाच्या मांडीवर बसूनच काढायचे. मामा नसेल तर वस्तरा लावायचा नाही. घरोघरी गेलेल्या पोरांना तिकडे मामे मिळाले. इसरूला आईच नाही, तर मामा कुठून आणायचा? डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्याचे केस कापा. मॅडम म्हणाल्या, उवा होतील. कमळाबाई म्हणाली, होऊ द्या. चार वर्षांच्या इसरूच्या डोक्यावर कुरळ्या केसांचं असं रान माजलं की तिने त्याची वेणी घालायला सुरुवात केली.

केसांचा आणखी एक उपयोग होता. दत्तक घेणारं जोडपं यायचं असलं की ती त्याच्या डोक्यावर तेल थापून सगळे केस उजवीकडून डावीकडे वळवी. कान झाकला जाई.

जोडपी आली. अहवालात कानाचं सगळं लिहिलेलं असे, फोटोही असे, तरी येऊन बघितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. नागपूरची एक बाई खूप गोड बोलली, चॉकलेट दिलं, आणि बोलता बोलता एका बोटाने तिने इसरूचे केस बाजूला केले.

"फोटोत एवढं वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

"आणि रंगही जरा..." असं म्हणून तिच्या नवऱ्याने उरलेलं वाक्य खिशात ठेवलं.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "वांगे घ्याले आले वाट्टे! उलटून-पालटून पाहून राह्यले!"

"कमळाबाई!" मॅडम ओरडल्या.

"मी भाजीवालीशी बोलून राह्यली, मॅडम."

भाजीवाली त्या दिवशी आलीच नव्हती. जोडप्याने "विचार करून कळवतो" म्हटलं आणि कळवलं ते नाहीच असं. पुण्याकडच्या एका जोडप्याने फोनवरच नको म्हटलं. ऊर्जानगरच्या क्वार्टरमधून एक जण आले; त्यांना इसरू आवडला, त्यांच्या आईला आवडला नाही.

प्रत्येक वेळी इसरू विचारी, "ते परत कवा येते?" कमळाबाई म्हणे, "मेले ते." या उत्तरामुळे जग हे फार धोक्याचं ठिकाण आहे अशी त्याची समजूत झाली होती.

एका दुपारी पोरं झोपली असताना ती मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. बसा म्हटलं तर बसली नाही.

"मले द्या इसरू."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या वाईट बाई नव्हत्या. फक्त त्यांचा कागदावर विश्वास होता. "तुमचं वय बसत नाही हो. एकट्या बाईला एवढ्या मुलासाठी पन्नाशीच्या आत असावं लागतं."

"अन् जोडपं असन तं?"

"तर दोघांच्या वयाची बेरीज करतात. ती शंभराच्या आत लागते."

कमळाबाईने छताकडे बघत हिशेब केला. "मंग माही बी करा बेरीज. माहे पंचावन. मुखरू मेला, त्याचं शून्य. पंचावनच झाले! शंभराले किती जागा उरली अजून!"

मॅडमना हसू आलं, आणि आल्याबरोबर त्यांना त्याचं वाईट वाटलं. त्यांनी पुन्हा नियम समजावून सांगितला. कमळाबाई ऐकून स्वयंपाकघरात गेली. त्या आठवड्यात शिशुगृहाला दोन पातेली नवी घ्यावी लागली.

आपल्याकडच्या कोणी घेतलं नाही की मग मुलाची माहिती परदेशातल्या लोकांसाठी उघडते. अशी ती उघडली आणि इटलीतून एका जोडप्याने इसरूला मागितलं. बाईचं नाव मिकेला, बाप्याचं एत्तोरे. मॅडम खूश झाल्या. कमळाबाई चिडली.

"कोण लोक आहेत, काय आहेत, कोणी पाहिलं का?"

"अहो, आपल्या जोडप्यांचंही बघतात, पण यांचं त्याहून जास्त बघतात." मॅडमनी जाडजूड अहवाल उघडला. "तिथल्या मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच अर्ज करावा लागतो. त्यांची बाई यांच्या घरी जाऊन आली, परत परत. पोलिसांचा दाखला, डॉक्टरचा दाखला, लग्न किती वर्षं टिकलंय, मित्र काय म्हणतात, मूल का पाहिजे, सगळं लिहिलंय. हे दिल्लीला तपासतात. दिल्लीने हरकत नाही म्हटलं की कलेक्टर साहेब आदेश काढतात. मग पासपोर्ट, मग व्हिसा. आणि गेल्यावरही दोन वर्षं तिकडून अहवाल येतात, मूल कसं आहे म्हणून."

"दारू पेते का तो?"

मॅडमनी पान उलटलं. "जेवणाबरोबर थोडी वाइन घेतात, असं आहे."

"म्हंजे पेते."

मग मॅडमनी घराचे फोटो दाखवले. लाल कौलांचं घर, आणि मागे क्षितिजापर्यंत पाणी भरलेली हिरवी बांधी, बांधाबांधांनी आखलेली शेतं. कमळाबाई पुढे वाकली. "अगे बाप्पा, धान!" क्षणभर तिचा चेहरा निवळला. फोटो तिने डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि पुन्हा होता तसा झाला.

"रोवणा नाई केला. आवत्या टाकला यानं."

वडशाकडे धानाची रोपं उपटून, चिखलात कमरेत वाकून एकेक हाताने लावतात, तो रोवणा. ज्यांना वाकायचा कंटाळा ते नुसतं बी फेकून देतात, तो आवत्या. आवत्या टाकणाऱ्याबद्दल कमळाबाईच्या गावात काय बोलत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"ती त्यांची शेती नाहीच, कमळाबाई. शेजाऱ्यांची आहे. आणि तिकडे यंत्राने पेरतात."

"म्हंजे वाकत बी नाई! अशाच्या शेजारी पोरगं ठेवाचं?"

दिल्लीने हरकत घेतली नाही. हरकत घेणारी एकटी कमळाबाई होती आणि तिच्या हरकतीला कागदात रकाना नव्हता. व्हिडिओ कॉल सुरू झाले. पडद्यावर मिकेला हात हलवायची, मोडकं "नमस्ते" म्हणायची. तिच्या शेजारी एत्तोरे बसायचा. धिप्पाड माणूस, आणि डोक्यावर औषधालाही केस नाही. खिडकीतला उजेड त्या टकलावर पडून पडदा पांढरा व्हायचा.

"याचे केस कुठी गेले?" इसरूने विचारलं.

"मामानं काढले," कमळाबाई घाईत म्हणाली. तिच्या डोक्यात तेव्हा उतू चाललेलं दूध होतं.

इसरूने त्यावर दोन दिवस विचार केला. मग तिच्या पदराला लोंबकळत म्हणाला, "माहा मामा कवा येते?"

कमळाबाई इतकी भडकली की भांड्यांचा आवाज पूर्ण बंद झाला.

कलेक्टरचा आदेश झाला. वेणी मागे बांधलेल्या, गालांवर कुरळ्या बटा आलेल्या इसरूचा फोटो लागलेला पासपोर्ट आला. इटलीवाले गुरुवारी येणार असं ठरलं. आणि रविवारी, मॅडम बैठकीसाठी नागपूरला गेलेल्या असताना, कमळाबाई शिशुगृहाची गाडी धुणाऱ्या लटारूसमोर जाऊन उभी राहिली.

लटारू शिशुगृहाचा ड्रायव्हर. तरुणपणी त्याने झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकी केली होती. हिवाळ्यात वडशाहून निघून गावोगावच्या मंडपांत रात्रभर चालणारी ती नाटकं; लटारूने त्यांत किती तरी पोरं पळवली, विहिरीत विष कालवलं, गावं पेटवली. आवाज अजून तसाच होता. फोनवर तो बोलू लागला की समोरच्याला फोन लागत नाही.

"लटारू, तुले मामा व्हाचं आहे."

"कोणाचा जी, बाई?"

"इसरूचा. जन्माचे केस घेऊन समुद्र ओलांडते का कोणी? जावळ काढाचं आहे."

लटारूने पाइप खाली टाकला. आयुष्यात त्याला नेहमी वाईटच भूमिका मिळाल्या होत्या. "हव," तो म्हणाला, आणि घरी जाऊन ट्रंकेतला जुना गुलाबी फेटा बांधून आला. बायकोकडून खोबऱ्याची वाटी आणि नवा सदराही घेऊन आला. मामाने काय काय द्यायचं असतं ते तो विसरला नव्हता.

अंगणातल्या चिंचेखाली पाट मांडला. लटारूने मांडी घातली, इसरूला मांडीवर घेतलं, कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या निकेशने वस्तरा काढला. कमळाबाईने पडणारे केस झेलायला पदर पसरला आणि सगळ्यांना सूचना देत राहिली. इसरू रडला नाही. मान वर करून तो पुन्हा पुन्हा मामाचा फेटा बघत होता.

समुद्राचं कारण खोटं नव्हतं. पण आणखी एक कारण होतं, आणि ते तिने लटारूलाही सांगितलं नाही. वस्तरा डाव्या बाजूला आला आणि तो मुडपलेला कान चार वर्षांनी पहिल्यांदा उघड्या उन्हात आला, तेव्हा ती मनात म्हणाली: पाहा म्हणावं आता. नको म्हणायचं असेल तर इथं म्हणा, माझ्या दारात. तिकडे नेऊन म्हणू नका.

केस तिने इरई नदीत सोडले. लटारूने फोटो काढून फोनवर चढवला: 'भाच्याचं जावळ. शुभेच्छुक मामा.'

सोमवारी मॅडम आल्या, त्यांनी इसरूकडे बघितलं, आणि त्यांची शुद्ध मराठी गळून पडली.

"हे काय करून ठेवलं जी तुमी! पासपोर्टवर वेणीवाला पोट्टा अन् इथी हा गोटा! व्हिसावाले इचारतीन ना, हा तोच कशावरून?"

"डोळे तेच आहे ना?"

"तुमी मुद्दाम केलं! तुमाले जाऊ द्याचाच नव्हता तो!"

कमळाबाईने इसरूला उचलून कडेवर घेतलं. लटारूने फेटा पाठीमागे लपवला. मॅडम म्हणाल्या, गुरुवारी तुम्ही येऊ नका, मला तमाशा नको. कमळाबाई गुरुवारी रोजच्यापेक्षा लवकर आली आणि फाटकाच्या बरोबर मधोमध तांदूळ निवडत बसली.

गाडी थांबली. मिकेला उतरली, फोटोतल्यापेक्षा बुटकी, प्रवासाने चुरगळलेली. तिच्यामागे टकला एत्तोरे. अंगणात इसरू उभा होता, डोकं चकचकीत, कान उघडा. मिकेला थबकली. कमळाबाईचा हात सुपात थांबला.

मिकेला चालत आली, इसरूसमोर गुडघ्यांवर बसली, आणि मग तशीच गुडघ्यांवर सरकत त्याच्या उजव्या बाजूला गेली. ऐकू येणाऱ्या कानाशी तोंड नेऊन ती काहीतरी पुटपुटली. इसरू हसला.

आजवर आलेल्या एकाही माणसाने बाजू बदलली नव्हती. सगळे मध्ये बसून बोलत, आणि पोराने ऐकलं नाही की एकमेकांकडे बघत. कमळाबाईने खूप शोधलं, पण राग धरायला कुठे जागाच सापडेना. त्यामुळे ती जास्तच चिडली.

इसरू एत्तोरेकडे गेला आणि वर हात केला. तो धिप्पाड माणूस खाली वाकला. इसरूने त्याच्या टकलावरून हात फिरवला, मग स्वतःच्या.

"याच्याबी मामानं काढले," त्याने सगळ्यांना सांगितलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण मॅडमचा कागदावर विश्वास होता. व्हिसावाल्यांनी विचारायच्या आत आपणच खुलासा करावा म्हणून त्यांनी छान पत्र लिहिलं. स्थानिक प्रथेनुसार बालकाचे केस मामाच्या मांडीवर काढण्यात आले आहेत. सोबत नवा फोटो आणि समारंभाचा फोटो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बालकाला कोणीही नातेवाईक नाही असं फाइलमध्ये आहे. मग हे फेटा बांधलेले मामा कोण? त्यांची संमती घेतली का? समितीकडून खुलासा पाठवावा. तोवर व्हिसा थांबवला आहे.

मॅडमनी कपाळ धरलं. विमानाची तिकिटं बुधवारची होती. खुलासा झाला नाही तर सगळी तपासणी पहिल्यापासून. वर्षभर पोरगं इथेच.

शनिवारी समितीसमोर लटारू, कमळाबाई आणि मॅडम उभे राहिले. बाहेर बाकड्यावर इटलीवाले, मध्ये इसरू. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला.

"तुम्ही मुलाचे कोण?"

"मामा!" लटारू म्हणाला. खिडकीवरचं कबुतर उडालं.

"हळू बोला. सख्खे?"

"सख्ख्याहून पक्का!"

मॅडमनी त्याला कोपर मारलं. अध्यक्षबाईंनी पेन उचललं. "मामा म्हणजे आईचा भाऊ. मग तुमची बहीण कोण?"

लटारूला नाटकात असे प्रश्न पडले की प्रॉम्प्टर विंगेतून सांगे. इथे विंग नव्हती. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि कमळाबाईकडे बोट केलं. "या ना. कमळाबाई. राखी बांधते मले."

अध्यक्षबाई सावकाश कमळाबाईकडे वळल्या.

"म्हणजे तुम्ही या मुलाच्या आई?"

हा प्रश्न सरकारने तिला पहिल्यांदाच विचारला होता. शिक्का, पंखा, टेबल, सगळं साक्षीला होतं. वयाची बेरीज कुणी विचारली नव्हती. हो म्हटलं असतं तर तपासणी सुरू झाली असती, तिकिटं गेली असती, आणि इसरू आणखी वर्षभर तिच्या पदराला लोंबकळला असता. मॅडमनी डोळे मिटले. दारातून उजवा कान दिसत होता, आणि त्या कानाशी वाकलेली ती चुरगळलेली बाई.

"नाई," कमळाबाई म्हणाली. "मी तिथं कामाले आहो."

ती हे इतक्या रागाने म्हणाली की अध्यक्षबाईंनी पुन्हा विचारलं नाही. जबाब तयार झाला. 'सदर इसम बालकाचा कोणीही लागत नाही,' असं वाचून लटारूच्या पुढे सहीला ठेवलं. लटारूने पेन धरलं आणि त्याचा हात पुढे जाईना. एवढी गावं जाळलेला माणूस, पण त्याला हे वाक्य जड झालं.

"थांब," कमळाबाई कडाडली. "कोणीही लागत नाही? मांडीवर घेतलं, नवा सदरा दिला, अन् कोणीच नाई? खोटं लिहून राह्यले तुमी सरकारी कागदावर! लिहा, रक्ताचा लागत नाही."

"बाई, अर्थ तोच..."

"तोच आहे तं लिहाले काय जाते जी तुमचं?"

अध्यक्षबाईंनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी पहिल्यांदाच कमळाबाईच्या बाजूने मान हलवली. वाक्य बदललं. लटारूने सही केली, खाली नाटकातल्यासारखी लफ्फेदार रेघही ओढली. बाहेर आल्यावर मिकेलाने फोनमध्ये काहीतरी लिहिलं आणि फोन जड हिंदीत बोलला, "कृपया हमें मामाजी से मिलवाइए." एत्तोरेने मामाजींना अशी मिठी मारली की फेटा सुटून पायऱ्यांवर लांब पसरला.

खुलासा गेला, व्हिसा झाला, बुधवारी इसरू गेला. कमळाबाईने मिकेलाला अर्धा तास झापलं: पाणी उकळून, डोक्याला तेल रोज, रात्री उजव्या कुशीवर झोपला तर त्याला काही ऐकू येत नाही, घाबरतो, हात लावून उठवायचं. फोनने यातलं किती भाषांतर केलं कोण जाणे. मिकेला मान हलवत होती. मॅडमनी नंतर सांगितलं की ती सगळं लिहून घेत होती.

सहा महिन्यांनी तिकडून अहवाल आला. मॅडमनी फोटो दाखवला आणि स्वयंपाकघर एकदम शांत झालं. फोटोत इसरू उंच झालेला, लाल स्वेटरमध्ये, मागे पाणी भरलेली बांधी. आणि डोक्यावर कुरळे केस, पार कानांवर उतरलेले. डावा कान झाकून गेला होता.

"झाकला," कमळाबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "लाज वाटली ना शेवटी? गुडघ्यावर बसली म्हणून मी भुलली. लावा फोन!"

"कमळाबाई, आधी अहवाल तर वाचू द्या."

"फोन लावा म्हटलं ना!"

मॅडमनी फोन लावला. पडद्यावर मिकेला आली आणि कमळाबाईने तोंड सोडलं. मिकेला दुसऱ्या फोनवर भाषांतर लावून, हात हलवत काहीतरी सांगू लागली. शेवटी मॅडमनीच तिचं इंग्रजी ऐकून घेतलं, आणि खुर्चीत मागे टेकून हसायला लागल्या.

"अहो, तोच कापू देत नाही! तीनदा सलूनमधून पळून आला. मामाच्या मांडीशिवाय वस्तरा लावायचा नाही म्हणतो. ती विचारते, मामाला इटलीला यायला काय काय कागद लागतील?"

कमळाबाईचा चेहरा लाल झाला. "पहिल्याच खेपेले मामा लागते! पहिल्याच! कोणी सांगितलं नाई का त्याले?" कोणी सांगायचं होतं हे तिला त्याच क्षणी आठवलं, आणि ती आणखी भडकली. "लटारू! ए लटारू! फेटा आण!"

पुढच्या शनिवारी चिंचेखाली पाट मांडला. लटारू गुलाबी फेटा बांधून मांडी घालून बसला आणि त्याच्या मांडीवर मॅडमचा फोन उभा केला. फोनमध्ये इटलीतलं सलून होतं, पांढऱ्या चादरीत इसरू होता, आणि त्याच्यापुढे टेकवलेल्या फोनमध्ये त्याला त्याचा मामा दिसत होता. कात्रीवाला इटालियन बाबा हसून हसून बेजार झाला होता. मागे एत्तोरेचं टक्कल चमकत होतं. पहिली बट पडली आणि लटारूला हुंदका आला, फोन डगमगला.

"मांडी हालवू नोको लटारू!" कमळाबाई ओरडली, इतकी की फाटकाबाहेर दूधवाल्याने ब्रेक मारला. "तिकडे कान कापला जाईन ना पोराचा!"